फितीवरचा खडू

तिचं नाव येतेर.
तुर्कीत याचा अर्थ: पुरे.
पाचवी मुलगी झाली तेव्हा बापाने देवाला दिलेली ताकीद,
आपल्याकडे नकोशी ठेवतात, तशीच.
देवाने ऐकलं. पुढचा दुरसुन.
त्याचा अर्थ: राहू दे.

कोन्याच्या पठारावर, काराप्नारच्याही पुढे,
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
ती सरकारी गाडीतून उतरते,
सात नंबरच्या विहिरीचं लोखंडी टोपण उचलते,
पोलादी फितीच्या शेवटाला निळा खडू चोळते
आणि फीत सोडते खाली.
खडू जिथवर भिजून काळा पडतो
तिथवर पाणी.
एवढंच तिचं शास्त्र.

काराप्नार म्हणजे काळा झरा, असं शाळेत बाई सांगायच्या.
कुठाय झरा, विचारलं तर
नकाशातल्या अक्षरांवर बोट ठेवायच्या.

आजोबांच्या बादलीला अकरा वाव दोर पुरायचा.
बापाने डिझेलचं इंजिन बसवलं, त्याचा धूर
आईच्या वाळत घातलेल्या चादरींवर.
दुरसुनची मोटर किती खोल आहे
ते दुरसुन सांगत नाही.

कचेरीतून नवा तक्ता आलाय:
घट हवामानामुळे किती? उपशामुळे किती?
टक्के लिहावेत.
येतेर पेनाचं टोपण चावत बसते.
बर्फ कमी पडला, उन्हाळा लांबला,
म्हणून बीटाला दोन पाणी जास्त लागली.
दोन पाणी जास्त, म्हणून मोटर पहाटेपर्यंत.
आता ही तहान
कुठल्या रकान्यात टाकायची?

आणि तो एक हिवाळा, गुडघाभर बर्फाचा!
मशिदीबाहेर म्हातारे एकमेकांचे हात दाबत होते.
वसंतात गव्हाच्या रानात सगळ्यांनी मका लावला.
वहीत सगळ्यात मोठी घट
त्याच वर्षाची आहे.

फेब्रुवारीत हुसामेत्तिनच्या लसूणघासात
रात्रीतून जमीन खाली बसली.
कंपासने कापावी तशी गोल.
माणूस गेलं नाही, मेंढरूही नाही.
त्याचा कुत्रा काठावरून भुंकला
आणि आतून आलेला आवाज ऐकून
शेपूट घालून घरी गेला.
लोक फोटो काढायला आले. येतेरने फीत सोडली.
फीत संपली.

संध्याकाळी दुरसुन विचारतो,
तुझ्या वहीत माझी विहीर नाही ना?
कडब्याच्या गंजीमागे, पत्र्याखाली,
परवाना नसलेली.
नाही, ती म्हणते. तुझं नाव कुठेच नाही.
पण तू मोटर लावलीस की
सात नंबर बोटभर खाली जाते.
ते बोट लिहिलंय.

तो बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणतो, पोरीची इझमीरची फी सप्टेंबरात आहे.
तिला ते ठाऊक आहे.
ती चहात दोन खडे टाकते,
बीटाच्या साखरेचे,
ढवळते. प्याल्याच्या तळाशी
थोडी साखर उरतेच.

या मंगळवारी वारा फार होता.
फीत वर आली तेव्हा खडू
जसा चोळला तसाच होता,
निळा, कोरडा, बोटाला भुकटी लागणारा.
तिने जोडफीत लावली, आणखी तीन मीटर.
पुन्हा खडू. पुन्हा खाली.
चारी दिशांना मोटरी घुमत होत्या,
लांबून ऐकलं तर मधमाश्या वाटाव्यात अशा.

गाडीपाशी शाकिर ताटकळला होता,
अजून चार विहिरी बाकी होत्या.
तोंडाभोवती हात धरून तो ओरडला,
येतेर!
वाऱ्यात ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा,
येतेर!

तो फक्त तिला हाक मारत होता.

हुसामेत्तिनच्या रानात कुणीतरी
काम थांबवून मान वर केली,
इकडे पाहिलं,
आणि पुन्हा पाईप जोडायला वाकला.